मोजणी

पिवळी टेप दिसली आणि हौशीरामच्या हातातला कोयता थांबला.

टेपचं एक टोक धरून त्याची नात प्रेरणा ओणवी झाली होती. दुसरं टोक तिच्या शाळेच्या अनघाबाईंच्या हातात होतं. लोणावळ्याहून स्कूटीवर येणाऱ्या बाई. दोघींच्या मधोमध पसरलं होतं त्याचं शेत, कुरवंड्यात उरलेलं एवढंच. बाईंनी दगडाने खुंट ठोकला. टेप ताणून प्रेरणाने दुसरा ठोकला. हौशीराम करवंदीच्या जाळीआड खाली बसला.

म्हणजे कस्तुराबाई खोटं बोलत नव्हती.

शेजारची कस्तुराबाई परवाच कानाशी लागली होती, "आबा, तुमची ती बाई बंगल्याच्या वॉचमनशी हासून बोलत हुती. जपून रावा. गोड बोलणारी मानसं हितं कशापायी येत्यात, तुमाला काय सांगायचं!"

सांगायची गरज नव्हतीच. खालचं शेत असंच गेलं होतं. आधी एक साहेब आला, पोरांना चॉकलेटं वाटून गेला. मग पिवळी टेप आली. मग 'नुसती एक सही, आबा'. आता तिथे निळ्या पाण्याचा हौद असलेला बंगला होता आणि त्याच्या भिंतीला खेटून हौशीरामचा बांध.

बाईंचंही तसंच चाललं होतं. रविवार आला की यायच्या, चहा घ्यायच्या, पोरीचं कौतुक करायच्या. "आबा, सहावीचं गणिताचं पुस्तक हिने दिवाळीआधीच संपवलंय. आता वर्गात नुसती खिडकीबाहेर बघत बसते. दर शनिवारी हिला लोणावळ्याला मोठ्या मुलांच्या वर्गात बसू द्या. तिथले मुख्याध्यापक नाहीच म्हणत होते, त्यांच्याशी भांडून मी होकार आणलाय. फक्त तुमची सही हवी."

सही म्हटल्यावर हौशीरामला खालचं शेत आठवलं होतं. प्रेरणाचा बाप लांबच्या कारखान्यात, सणासुदीलाच घरी येणारा. घरातलं सगळं आबांच्याच हातात, हे बाईंना कुणी सांगितलं? पोरगी हुशार असेल, नाही कोण म्हणतंय. पण परक्याच्या पोरीसाठी कोण पेट्रोल जाळत घाट चढतं? "बघू," म्हणत त्याने बाईंना प्रत्येक वेळी तसंच परत पाठवलं होतं.

आता प्रेरणाने पिशवीतून काहीतरी काढलं. कंपासातला कोनमापक. त्याला दोरा बांधलेला, दोऱ्याला खडा. ते तिने डोळ्याला लावलं आणि बंगल्याच्या रोखाने नेम धरल्यासारखी बघत राहिली. मग बाईंना काहीतरी सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं.

हौशीरामला राहवलं नाही. कोयता तिथेच टाकून तो तरातरा खाली आला. बंगल्याकडचा खुंट त्याने दोन्ही हातांनी उपटला आणि पायाने माती ढकलून भोक बुजवून टाकलं.

"आबा!" प्रेरणा किंचाळली.

"गप! बाई, कुनासाठी चाललीया ही मोजनी? ही टेप चांगली वळकतो मी."

बाई गांगरल्या. "टेप बंगल्याच्या वॉचमनकडून मागून आणलीय, आबा. शाळेतली फार आखूड—"

"म्हंजे त्यांचीच! माज्याच नातीला हाताशी धरून माजंच रान मोजताय व्हय?"

"रान कोण मोजतंय?" प्रेरणाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग. तिने हात वर केला. "मी ती मोजतेय."

हौशीरामने बोटाच्या रेषेत पाहिलं. बंगल्याचं लाल छप्पर. आणि छपराच्या कितीतरी वर, फणा काढून उभी असलेली नागफणी.

"डोंगुर?"

"व्हय. वर न चढता. हितनं एकदा बघायचं, तितनं एकदा बघायचं, मधलं अंतर मोजायचं. मग कागदावर बारका डोंगर काढला, की मोठ्याची उंची निघते."

"बाईंनी शिकवलं?"

"मी फक्त टेप आणली," बाई म्हणाल्या. "हे गणित दहावीत येतं, आबा. हिला आपलं आपणच सुचलं."

हौशीरामने नागफणीकडे पाहिलं, मग नातीकडे. त्याच्या आवाजातला संशय अजून पुरता गेला नव्हता.

"कोन घेतंय त्यो डोंगुर?"

"कुनीच न्हाई."

"मग मोजतीस कशाला?"

प्रेरणाला प्रश्नच कळला नाही.

"कळावं म्हणून."

हौशीरामने हातातल्या खुंटाकडे पाहिलं. त्याने पुष्कळ मोजण्या पाहिल्या होत्या. वाटणीची पाहिली, रस्त्याची पाहिली, बंगल्याची पाहिली. प्रत्येक मोजणीनंतर त्याचं काहीतरी कमी झालं होतं. कुणाचं काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही, आणि तरी कुणी भर उन्हात टेप धरून उभं राहतं, हे तो पहिल्यांदाच बघत होता.

तो खाली वाकला. खुंट मातीवर टेकवून त्याने दगड उचलला.

"हितंच हुता न्हवं?"

"न्हाई आबा, वीतभर आत. आपल्या बाजूला. हितं वीतभर चुकलं तर तिकडं डोंगर दोन हात चुकतोय."

वीतभर बांधासाठी हौशीरामने सख्ख्या भावाशी बोलणं टाकलं होतं. त्याने मुकाट्याने खुंट वीतभर आत घेतला आणि चार घाव घालून पक्का ठोकला. मग हात झटकत तो अनघाबाईंपाशी आला.

"टेपचं टोक माज्याकडं द्या, बाई. आन् तुमी तवर त्यो सहीचा कागुद काढा."