पहिल्या नंबरचं घर

"अहो, मशीन शिट्टी मारायला लागलंय," अभिनंदनची बायको प्राची फोनवर म्हणाली. "घरची बॅटरी संपत आली वाटतं. दुपारी तर गच्च भरली होती की."

अभिनंदनने समोरच्या पडद्यावर नृसिंहवाडीकडची लाईन उघडली. कोल्हापुरातल्या त्या गारेगार कंट्रोल रूममध्ये बसून तो गावोगावच्या छतांवरचं सोलर आणि घराघरांतल्या बॅटऱ्या चालवायचा. चालवायचा म्हणजे काय, चालवायचं सॉफ्टवेअर, हा बघत बसायचा. दिवसभर ऊन साठवायचं आणि संध्याकाळी विजेची ओढ वाढली की घरांच्या बॅटऱ्यांतनं वीज उचलून लाईनवर सोडायची. कुठल्या घराला रात्री किती लागते हे सॉफ्टवेअरला सवयीनं कळलं होतं. तेवढी ठेवायची, बाकीची घ्यायची.

अभिनंदनचं घर मळ्यात, गावापासून लांब. घरात अंथऊची रीत, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. अंधार पडला की शेगडी नाही, मिक्सर नाही. दोन दिवे आणि त्याच्या वडिलांचा, आण्णांचा, पंखा. सॉफ्टवेअरने हे वर्षभर बघितलं आणि या घराला पहिला नंबर दिला. सगळ्यांच्या आधी यांची बॅटरी घ्यायची, जवळजवळ रिकामी केली तरी घर कुरकुरत नाही. अभिनंदनला त्याचं कोण कौतुक. पै-पाहुण्यांत सांगत सुटायचा, आम्ही लवकर जेवतो म्हणून गावात उजेड असतो.

आज दुपारी आण्णांना दवाखान्यातून घरी आणलं, ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. लाईट गेली तर असू दे, म्हणून डॉक्टर एक सिलिंडर देत होते. "कशाला? घरात बॅटरी हाय की," हा गडी छाती फुगवून म्हणाला. आण्णांना खाटेवर निजवलं आणि सरळ ड्यूटीवर आला. घर पहिल्या नंबरावरून काढायला एक बटण पुरे होतं. ते त्याच्या डोक्यातच आलं नाही. इतक्या लाडाच्या नंबरात काही वाईट असेल असं कुणाला वाटतंय.

संध्याकाळी बॅटरी उपसली गेली. मग वळीव आला, रस्त्याकडेची चिंच तारा तोडून आडवी झाली, आणि लाईट जाताच प्राचीने बोलावलेली ॲम्ब्युलन्स तिच्या पलीकडे अडकली.

"कृष्णात कुठवर आलाय?" अभिनंदनने लाईनमनची चौकशी केली.

"खांबावर चढलाय," शेजारच्या खुर्चीवरून प्रसेनजीत म्हणाला. "तारा जोडाय लागलेत. अजून अर्धा तास तरी."

फोनमधली शिट्टी थांबली. "बंद पडलं," प्राची म्हणाली. मग नुसता आण्णांचा श्वास ऐकू येऊ लागला. उसाच्या पाचटावरून कुणी पाय ओढत चालावं, तसा.

पडद्यावर दूध संस्थेची मोठी बॅटरी भरलेली दिसत होती. संस्था आणि मळा एकाच लाईनवर, झाडाच्या अलीकडे. संस्थेची वीज लाईनवर सोडली की मळ्यात मशीन सुरू. पण त्याच लाईनचं तुटकं टोक कृष्णातच्या हातात होतं आणि मधे तोडायला खटका नव्हता. माणसं तारेवर आहेत म्हणून सॉफ्टवेअरने लाईनला कुलूप घातलं होतं. त्या कुलपाचा पासवर्ड अभिनंदनकडेच होता.

"त्याला फोन लाव. म्हणावं पाच मिनिटं खाली उतर."

प्रसेनजीतने लावला, परत लावला. "वाजतोय. खाली जीपमधी ठेवलेला दिसतोय."

अभिनंदनने पासवर्ड टाकला. हात माऊसवर गेला.

"सर, कृष्णात तारंला हात लावून हाय."

"म्हाईत हाय मला."

"त्याच्यासंगं आणि दोघं हायत."

"म्हाईत हाय म्हटलं की."

हात तिथंच राहिला. जन्मात कधी कुणाचं वाईट न चिंतलेला माणूस, पण त्या घडीला त्याला कृष्णातचा राग आला, खांबावर असल्याचा राग. मग त्याने माऊसवरचा हात काढला, मांडीखाली घातला आणि त्याच्यावर वजन टाकून बसला.

फोनवर प्राची मघापासून आण्णांना, "हळू घ्या, सावकाश," म्हणत होती. आता ते थांबलं. ती त्यांच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होती. ते ऐकून अभिनंदनने डोळे मिटले. पाचटावरचे पाय अजून दोन-तीनदा वाजले.

बऱ्याच वेळाने पडद्यावरची लाईन हिरवी झाली. प्रसेनजीतचा फोन वाजला. कृष्णातचा आवाज मोठा, सगळ्या खोलीत ऐकू आला. "जोडली बघा लाईन. सायबास्नी सांगा, मळ्यातबी आली असंल. आण्णा कसं हायत?"

प्रसेनजीत फोन घेऊन बाहेर गेला.

पडद्यावर मळ्यातल्या घरी दोन दिव्यांचा भार दिसला, आणि पंख्याचा. मशीनचा भार दिसला नाही. थोड्या वेळाने पंख्याचाही गेला.

सॉफ्टवेअरने उद्याची तयारी मांडली. मळ्यातलं घर, नंबर पहिला. अभिनंदनने नंबरातून काढायचं ते बटण शोधलं आणि दाबलं. पडद्यावर चौकट आली: या घरात कुणी आजारी माणूस मशीनवर आहे का?

खाली दोनच पर्याय होते. त्याने 'नाही' दाबलं. घर पुन्हा पहिल्या नंबरावर जाऊन बसलं.