बसबूसाचं ताट

"हे केस गळलेले नाहीत," त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोरगी स्वतःच्या हाताने उपटतेय."

इनास लेकीच्या डोक्यावर वाकली. पंधरा वर्षांच्या रिताजच्या डोक्यावर, उजव्या कानाच्या वर, तळहाताएवढी जागा पार गुळगुळीत झाली होती. आईच्या नजरेला ती पडली कालच, न्हाणीघराचं दार चुकून लोटलं तेव्हा. रमजानच्या आधी पोरीने आपणहून हिजाब घेतला. घरात बायकाच बायका, तरी काढेना, झोपतानाही काढेना. कोणाच्या मनात शंका म्हणून आली नाही. उलट आजीने परातभर बसबूसा केला आणि रव्याच्या त्या गोड वड्या इनासने अख्ख्या इमारतीत वाटल्या.

"तेल लिहून देईन, पण उपयोग नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाचव्या मजल्यावर मनाचे डॉक्टर बसतात. दोघी जा."

"माझी मुलगी काय वेडी आहे?" इनासचा आवाज चढला. "परीक्षेचं वर्ष आहे, कोणाची तरी नजर लागलीय!"

रिताजने गुपचूप हिजाब बांधला आणि जिना चढायला लागली. इनास धापा टाकत मागून गेली.

पाचव्या मजल्यावर टेबलापाशी एक बाई चहा पीत बसली होती. रिताजला बघताच तिने पेला खाली ठेवला.

"आलीस का गं माझे राणी! आणि आज एकदाची आईला घेऊन आलीस!"

इनास जिन्याच्या तोंडाशीच थांबली. "तुम्ही... हिला ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? समोरच्या शिकवणीला येते ना. मंगळवारी शिकवणी सुटली की इथे हजर, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत. पण अठराच्या आतलं पोर, मादाम. आईबापाची सही असल्याशिवाय डॉक्टर आत घेत नाहीत. मी दर वेळी सांगायची, अगं, आईला आण. 'आणते' म्हणायची, अर्धा तास बसायची आणि निघून जायची."

तिने खणातून एक अर्ज काढून पुढे ठेवला. अक्षर रिताजचं होतं. नाव, वय, त्रास काय, कधीपासून, सगळं नीट भरलेलं. शेवटची सहीची ओळ तेवढी कोरी. तारीख चार महिन्यांपूर्वीची, बसबूसा वाटला त्याच दिवसाची.

इनास मटकन त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

"मला का नाही सांगितलंस गं?"

रिताज तिच्याकडे बघत नव्हती.

"त्या दिवशी सांगायलाच घरी आले होते, आई. तू ताट घेऊन दारोदार फिरत होतीस. सगळ्यांना सांगत होतीस, आता मला माझ्या पोरीची काही काळजी उरली नाही."