आधी नाव

“काकू, आधी नाव. मंग इज. मंग माय हजबंड. बस, एवढंच म्हणायचंय.” आकांक्षाने वहीच्या पानावर बोट ठेवलं.

सगुणाबाईंनी पानाकडे पाहिलं. वाक्य इंग्रजी होतं, पण अक्षरं मराठी, त्यामुळे वाचता सहज येत होतं. तिथेच तर घोडं अडलं होतं. पहिला शब्द वाचायचा म्हणजे नवऱ्याचं नाव घ्यायचं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, ते नाव त्यांनी सरळ कधी उच्चारलं नव्हतं. बँकेत, रेशनच्या दुकानात कुणी विचारलं की त्या आधार कार्ड पुढे करायच्या, नाहीतर शेजारणीला कोपर मारायच्या, “सांग गं तू.”

नवरा मोसंबीचा ट्रक घेऊन तामिळनाडूत गेला होता. वाटेत छातीत कळ आली, तिथल्या एका दवाखान्यात भरती केलंय, एवढं ट्रकमालकाने दुपारी फोनवर सांगितलं आणि दवाखान्याचा नंबर दिला. नवऱ्याचा स्वतःचा मोबाइल बंद. माणूस आहे की नाही, हा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीत सगुणाबाईंच्या ओट्यावर जमलेल्या बायकांपैकी कुणी तोंडातून काढत नव्हतं. काढायची गरजही नव्हती.

शेजारची आकांक्षा बारावीला होती आणि इंग्रजी बोलायच्या क्लासला जायची. तिने एकदा फोन लावून पाहिला होता. तिकडच्या बाईला तमिळ आणि इंग्रजी यायचं, हिंदीचा मात्र गंध नाही. ती म्हणाली, पेशंटची खबर फक्त बायकोला देऊ, आणि नाव बायकोने स्वतःच्या तोंडाने सांगायचं.

“नाव शेवटी टाकलं तर न्हाई चालत का गं?” सगुणाबाईंनी विचारलं.

“इंग्रजीत ज्याची गोष्ट तो पुढं असतो, काकू. तो काय करतो ते त्याच्या मागं. बाकीचं समदं नंतर.”

“कामून? येवढी कशाची घाई ऱ्हाती त्यायला?”

एक बाई फिसकन हसली आणि लगेच तोंडाला पदर लावून बसली. आकांक्षाला दया आली. तिने वाक्य उलटं करून लिहिलं. माय हजबंड इज, आणि मग नाव. “हे बी बराबर हाये. आता तं म्हणसाल?”

सगुणाबाईंनी मान हलवली. पण नाव जागा बदलून बसलं होतं, गेलं कुठेच नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासू सांगून गेली होती. एरवी त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. आज जीव टांगणीला लागलेला असताना त्यांची हिंमत होईना.

आकांक्षाने नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

“हॅलो, येस?”

“माय हजबंड इज...” सगुणाबाई चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. आणि थांबल्या.

“येस? नेम?”

सगुणाबाईंनी आकांक्षाला कोपर मारलं.

“नेम प्लीज, मॅडम. हॅलो? हॅलो?”

“काकू, ठेवून देईन ती फोन!” आकांक्षा रडकुंडीला आली.

सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, डोळे गच्च मिटले आणि मांडवात उभं राहून म्हणावं तसं म्हणाल्या:

“पितळी ताटात ठेवली मोसंबीची फोड,
भारतरावांचं नाव घेते, बोलणं त्यांचं गोड.”

उखाण्यात घेतलेलं चालतं. त्याने कुणाचं आयुष्य कमी होत नाही. खरं तर भारतरावांच्या तोंडून दिवसात दहा शब्द निघाले तरी पुष्कळ, पण ते राहू द्या.

आकांक्षाने कपाळाला हात लावला.

“भारत?” ती बाई म्हणाली. “भारत, जालना?”

“येस! येस!” आकांक्षा ओरडलीच.

“वेट.”

मग चपलांचा आवाज आला, दार करकरलं, कुणीतरी खोकलं. ती बाई फोन घेऊन चालत निघाली असावी. तमिळमध्ये दोन शब्द झाले. मग ती जवळून म्हणाली, “मॅडम, अगेन. सेम थिंग.”

“पुन्हा तेच म्हणा म्हणती,” आकांक्षा कुजबुजली.

सगुणाबाईंनी पुन्हा उखाणा घेतला. ह्या वेळी आवाज फोडीवरून गोडपर्यंत येईतो दोनदा अडखळला. उखाणा संपला. फोनमधून नुसता श्वास ऐकू येत होता, जड आणि सावकाश.

“सगुणा?”

ओट्यावरच्या एकीने चटकन डोळ्यांना पदर लावला.

“सगुणा, तू हाये का?” आवाज अगदी बारीक होता, पण भारतरावांचाच होता. “आनखी एकदा घे ना.”

“पितळी ताटात...” सगुणाबाईंनी सुरुवात केली. पुढचं आठवेना. ताटात काय ठेवलं, कुणाचं काय गोड, सगळं विसरल्या. बायका पुढचे शब्द सुचवायला लागल्या, तशी त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प केलं आणि फोन अगदी तोंडाजवळ धरला.

“भारत,” त्या म्हणाल्या. “भारत, जल्दी घरी या.”