दोन गाड्यांची स्पर्धा

रेमंडने टेबलावर हिरवं कापड अंथरलं, त्यावर एक गाडी ठेवली, मग हातभर अंतर सोडून दुसरी ठेवली. दोन्ही तळहातावर मावतील एवढ्याच, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून केलेल्या. पहिलीपुढे त्याने स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली आणि दुसरीपुढे क्लिफर्डच्या.

चर्चच्या या हॉलची किल्ली मॉरीनकडे असे. ती चहाचे कप घेऊन आली आणि चिठ्ठी वाचून जागीच थबकली. क्लिफर्डला ईस्टरच्या आधीच पुरलं होतं. त्या दिवशीची सँडविचेस तिनेच केली होती.

"अरे रेमंड, हे काय मांडलंयस?"

"स्पर्धा. दर नोव्हेंबरात असते."

"मेलेल्या माणसाची गाडी स्पर्धेत?"

"माणूस मेलाय. गाडीला काय झालंय?"

मॉरीन खुर्ची ओढून बसली. तिचाही नाइलाज होता. नाच शिकवणाऱ्या एक बाई मंगळवारची संध्याकाळ मिळावी म्हणून चर्चच्या कमिटीच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या, आणि त्यांच्याकडे हॉल भरेल एवढ्या बायका होत्या. कमिटीचं म्हणणं सरळ होतं. गाड्यांच्या क्लबची वार्षिक स्पर्धा झाली तर क्लब आहे. नाही तर मंगळवार बाईंचा. आणि क्लबच्या नियमाप्रमाणे स्पर्धेला निदान दोन गाड्या लागत. टेबलं कमी पडायची त्या काळात कुणीतरी हा नियम करून ठेवला होता. मग कुणी समुद्रकाठी राहायला गेलं, कुणाच्या हाताला कंप सुटला, कुणाच्या डोळ्यांनी दगा दिला. शेवटी उरले रेमंड आणि क्लिफर्ड, दोघंच.

"दोन आहेत," रेमंड म्हणाला. "मोजून घे हवं तर."

मॉरीनने क्लिफर्डची गाडी उचलून उजेडात धरली. पुढचा बंपर तिरका होता. खिडक्यांच्या कडेला रंग बाहेर आला होता, आणि समोरच्या काचेवर गोंदाचा चांगला ठसठशीत डाग होता.

"ही तूच केलीस."

"अर्धी त्याने केली होती. त्याच्या बायकोने खोका आणून दिला, मी पुरी केली."

"म्हणजे तुझीच की."

"नीट बघ तरी. माझ्या हातून असलं काम होतं का?"

होत नव्हतंच. तिथेच तर सगळी पंचाईत झाली होती. आयुष्यभर वळण लागलेला हात, रेघ वाकडी काढायला गेला की आपोआप सरळ व्हायचा. शेवटी त्याने खिडक्या डाव्या हाताने रंगवल्या. गोंदाचा थेंब तर श्वास रोखून काचेवर पाडला आणि पुसायचा मोह आवरायला फडकं चक्क दुसऱ्या खोलीत नेऊन टाकलं. याच गोंदावरून त्याने क्लिफर्डला उभा-आडवा छळला होता. काच कस्टर्डमध्ये बुडवलीस काय रे, असं तो विचारायचा. त्यावर क्लिफर्ड म्हणायचा, तुझ्या गाडीत बसायचं तर बूट बाहेर काढावे लागतील.

"बरं, मग पुढे?" मॉरीनने विचारलं.

"पुढे मतदान. स्वतःच्या गाडीला मत द्यायचं नाही."

दोघंच उरल्यापासून निकाल दरवर्षी ठरलेला असे. हा त्याला मत देई, तो याला. बरोबरी. मग नाणं उडवायचं. जिंकेल त्याने चषक घरी न्यायचा, हरेल त्याने फिश अँड चिप्स खिलवायचे.

रेमंडने कागदावर नाव लिहिलं आणि घडी घालून तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला. मॉरीनने डबा उघडून कागद वाचला.

"क्लिफर्ड, एक. रेमंड, शून्य." तिने कागद पुन्हा डब्यात ठेवला आणि म्हणाली, "बरं बाबा. दोन गाड्या झाल्या, मतदान झालं, निकालही लागला. कमिटीला सांगते क्लब आहे म्हणून. वर्षभर मंगळवार तुझा."

याचसाठी तर त्याने एवढा खटाटोप केला होता. पण आता ऐकल्यावर त्याला बरं वाटेना. एवढा मोठा हॉल, भिंतीला लावून ठेवलेल्या खुर्च्या आणि वर्षभराचे मंगळवार. चहा घ्यायचा म्हणून त्याने घेतला.

"एक विचारू?" मॉरीन म्हणाली. "नियम नसता तर कुणाला मत दिलं असतंस?"

"मलाच! डोळे आहेत ना तुला? हिचे दरवाजे बघ, एका रेषेत आहेत. त्याचा बंपर बघ. पटत नसेल तर क्लिफर्डलाच विचा—"

मॉरीनने मान वळवली नाही. तिने बिस्किटाची बशी त्याच्याकडे सरकवली.

"काय म्हणाला असता रे तो?"

पावसावर, फुटबॉलवर, चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरवर क्लिफर्ड काय म्हणाला असता ते रेमंडने क्लिफर्डच्या आवाजात म्हणून दाखवलं असतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "मत दरवर्षी मलाच द्यायचा गं. पण दुसरं होतंच कोण?"