चार बोटं रुंद

डेंटरने ग्राइंडरची वायर बोर्डात खोचली आणि तो नुसता उभा राहिला. कापायचं कुठे, ते मागच्या मडगार्डावर पांढऱ्या चिकटपट्टीने आखलेलं होतं. कापायचं की नाही, ते अजून ठरत नव्हतं.

सकाळपासून शेडमध्ये दोघा भावांची जुंपली होती. गाडी मधे. दोन माणसांची, बुटकी, लाल, बापाने तरुणपणी हौसेने घेतलेली. धाकट्याने तिच्यासाठी बॉडी किट आणलं होतं. फायबरची रुंद मडगार्डं, पुढचा जबडा, मागे लावायचा पंख. कसं दिसतंय ते बघायला त्याने सगळं कालच क्लॅम्प आणि पट्ट्या लावून अडकवून ठेवलं होतं. गाडी गालगुंड झालेल्या पोरीसारखी दिसत होती.

"एकदा पत्रा कापला की संपलं," थोरला म्हणाला. "कंपनीतून आली तशी गाडी आहे ही. अशा किती उरल्यात? किट लावलेली आमच्या क्लबात दारातूनच परत पाठवतात."

"तुमचा क्लब म्हणजे गाड्यांचा वृद्धाश्रम," धाकटा म्हणाला. "पुसायची, झाकायची, फोटो काढायचा. चालवतोस कधी?"

"आणि तू ही असली घेऊन कुठे जाणार? सर्कशीत?"

"सर्कशीत निदान माणसं बघायला तरी येतात."

आई स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून ऐकत होती. ऐकत म्हणजे, कानांना झाकणं नव्हती म्हणून.

"आई, तूच सांग आता," थोरला म्हणाला.

"मला काय विचारता? त्या गाडीत बसले तर मला उठवायला दोन माणसं लागतात. आणि ती दोन माणसं इथे भांडतायत."

तेवढ्यात शेडच्या मागच्या टोकाचं दार उघडलं आणि बाप बाहेर आला. खांद्यावर टॉवेल. त्याच्या डोळ्यांत आता उजेड आणि अंधार एवढंच उरलं होतं. त्याची खोली या टोकाला, बाथरूम त्या टोकाला, आणि मधे भिंत आणि गाडी यांच्यामधून एका माणसापुरती वाट. काठी त्याने कधी धरली नाही. गाडीच्या शेपटाला हात लावायचा आणि निघायचं. पत्रा वर चढतो, खाली उतरतो, मग दाराची मूठ, मग आरसा. आरसा सुटला की समोर बाथरूमचं दार.

त्याने शेपटाला हात लावला. हाताला पंख लागला. या कडेपासून त्या कडेपर्यंत त्याने तो चाचपला. पुढे सरकला. दोन पावलांवर फायबर त्याच्या पोटाला टेकलं आणि पाठ भिंतीला. त्याने पोट आत घेतलं. अंग चोरून बघितलं. मग तिथेच थांबला.

"कुणाची गाडी आहे?" त्याने विचारलं. परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं.

"आपलीच आहे, बाबा," धाकटा म्हणाला. "किट लावलंय. चार बोटंच रुंद झालीय."

"अस्सं," बाप म्हणाला. "म्हणजे चार बोटं मीच जास्त होतोय."

धाकट्याने चाकांचं माप घेतलं होतं, जमिनीपासूनच्या उंचीचं घेतलं होतं, फाटकाचंसुद्धा घेतलं होतं. बापाच्या पोटाचं राहिलं.

"बघ," थोरला म्हणाला. "म्हणून सांगत होतो तुला, नको म्हणून."

आईने थोरल्याकडे बघितलं. वाटलं, निदान हा तरी बापाचं बघतोय.

"त्यात काय एवढं?" धाकटा म्हणाला. "बाबांनी स्वयंपाकघरातून जावं की."

"हां, ते मात्र बरोबर," थोरला म्हणाला. "मी कधीचा सांगतोय. रोज पॉलिशवर हात फिरवत जातात. ठसे पुसून पुसून माझे हात दुखले."

सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं.

डेंटरने ग्राइंडर हळूच खाली ठेवला. स्वयंपाकघरातून जायच्या वाटेवर दोन पायऱ्या होत्या. मागे एकदा बाप तिथेच आपटला होता. उचलायला हेच दोघं धावले होते.

"जाईन की," बाप म्हणाला. "पायऱ्यांची काय, होईल सवय."

आईला बोलायला पुष्कळ होतं. तिच्या तोंडापुढे आजवर कुणाचं चाललं नव्हतं. पोरांनाही ते माहीत होतं, म्हणून दोघं खाली बघत वाट बघत होते. पण ती नुसती चौकटीपासून सरळ झाली.

"जमलं ना एकदाचं तुमचं?" ती म्हणाली. "मग गाडीचंही जमेल."

आतून वळसा घालून, बापाच्या खोलीतून ती त्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"अहो, मागे सरका. हां, अजून. आता फिरा. माझ्या खांद्यावर हात ठेवा."

तो उलट्या पावलांनी बाहेर निघाला, वळला, आणि त्याने हात ठेवला. सवयीने तो हात खांद्यावरून फिरला. वर चढला, हाडाशी थांबला, खाली उतरला.

"मग, कापू का?" मागे डेंटर विचारत होता. भाऊ एकमेकांकडे बघत होते.

"बारीक झालीस गं," बाप म्हणाला.

"झाले," ती म्हणाली. "या घरात कुणीतरी व्हायला हवं ना. पायरी आलीय. सावकाश."