गेल्या दसऱ्याचा गणपती

दसऱ्याच्या सकाळी माधवगंजातल्या घरासमोर गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि घरची सून गरिमा कमरेपर्यंत आत वाकलेली होती. ओट्यावर दोन तलवारी आणि कट्यार घासूनपुसून मांडलेल्या. महिपतराव पूजेचं तबक घेऊन बाहेर आले. तबकात या वेळी एक जादा सुपारी होती, कारण गेल्या वर्षी गाडीच्या पूजेत गणपती म्हणून ठेवलेली सुपारी गायबच झाली होती. उंदराने आपल्या धन्याला पळवलं, म्हणून दिवसभर सगळे हसले होते.

“सूनबाई, सोडा ते कबाड,” महिपतराव म्हणाले. “संग्रामसिंह येतोच आहे. पूजा झाली की गाडी घेऊन जाईल.”

“गाडी जाणार नाही, बाबासाहेब,” गरिमा आतूनच म्हणाली.

सासऱ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. वर्षभर त्यांचं एकच पालुपद होतं: बाईच्या हातात गाडी दिली आणि तिने टर्बो फुंकला. टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. तो गेला तशी गाडी पडावच्या पुलावर चढेना. लग्न असो, बारसं असो, महिपतरावांनी ही कथा सांगितली नाही असं नातेवाइकांचं एक घर उरलं नव्हतं. गरिमाचा नवराही शेजारी बसून हसायचा. चावी सासऱ्यांच्या खिशात गेली आणि गरिमा भाड्याच्या सवारी टेम्पोने ये-जा करू लागली. कुठे जायचं तर आधी विचारायचं, हे त्यात आपोआप आलं.

मुरार भागातल्या कबाड्याकडून, म्हणजे भंगारवाल्याकडून, तिने एक जुना, मोडका टर्बो आणला तेव्हा तोही घराने हसण्यावारी नेला. त्याचं बाहेरचं ओतीव लोखंडाचं कवच तडकलेलं होतं, पण आतला दांडा आणि पंखे धड होते. घरच्या टर्बोचं नेमकं उलटं. कवच शाबूत, पंख्याची पाती कुरतडलेली. दोन मोडक्यांतून एक चांगला करायचाच, असं तिने मनावर घेतलं. चुकली, पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. घरचा टर्बो पहिल्यांदा उघडला त्या दिवशी ती पाना खाली ठेवून त्याच्या आत टक लावून बघत बसली होती. सासूबाईंना, उषाताईंना, वाटलं, सून हरली एकदाची.

एवढ्यात संग्रामसिंह आला. जुन्या गाड्या घेणारा माणूस, आल्या आल्या त्याने इंजिनाला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

“राव साहब, ये तो गरम है! चली है क्या?”

“पुलावर जाऊन आले,” गरिमा म्हणाली. सांगितलं मात्र सासऱ्यांना. “उजाडायच्या आत. तिसऱ्या गिअरमध्ये चढली.”

“चावी?”

“पूजेसाठी देवापुढे ठेवली होती ना तुम्ही? नमस्कार केला आणि उचलली.”

महिपतरावांचा चेहरा लाल झाला. “सेकंड हँड माल आहे तो. आज चढली, उद्या धोका देईल. सरका, मुहूर्त टळतोय.”

ती सरकली नाही. फेरी मारून आल्यावर तेल गळतंय का ते बघायला तिने हवेची रबरी नळी काढली होती. टर्बोचं तोंड उघडं होतं आणि आत पंख्याची पाती चमकत होती. महिपतरावांनी तिच्या खांद्यावरूनच इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि सुपारी ठेवली. सुपारी गोल. ती घरंगळली.

गरिमाने फटकन टर्बोच्या तोंडावर पंजा ठेवला. सुपारी तिच्या बोटांवर आपटून तिथेच अडकली.

“हात काढा. गणपती आहे तो.”

“नाही काढणार.”

“पूजेच्या आड येता?”

“येणार.”

दुसऱ्या हाताने तिने कुर्त्याच्या खिशातून काहीतरी काढलं आणि तबकात ठेवलं. अर्धी सुपारी होती. कडा चावून काढल्यासारख्या, आणि एका खाचेत वाळलेलं कुंकू.

“हा तुमचा गेल्या दसऱ्याचा गणपती,” गरिमा म्हणाली. “घरच्या टर्बोत सापडला. पूजेसाठी तुम्ही गाडी धुतलीत, हवा गाळायची जाळी नळीसकट काढून उन्हात टाकलीत. तोंड उघडंच राहिलं. पूजा झाल्यावर सगळं परत जोडलंत, आणि संध्याकाळी मी सोनं द्यायला निघाले. कंपू भागापर्यंतसुद्धा पोचले नाही, तोवर याने पाती कुरतडली.”

महिपतराव त्या अर्ध्या सुपारीकडे बघत राहिले. संग्रामसिंह एकदा सासऱ्यांकडे, एकदा सुनेकडे बघत होता.

“तो राव साहब, गाड़ी का क्या करना है?”

“गाड़ी बिकाऊ नहीं है,” गरिमा म्हणाली.

या वेळी तिने सासऱ्यांकडे पाहिलंही नाही. हातही जिथे होता तिथून हलला नाही.

आतून उषाताईंची हाक आली, “अहो, झाली का पूजा?”

महिपतरावांनी गरिमाच्या बोटांत अडकलेली सुपारी हळूच काढून घेतली. ती कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना, तेव्हा मुठीतच धरली. मग अनामिका कुंकवात बुडवली, खाली वाकले, आणि हात काही निघत नाही असं बघून तिच्या तेलाने काळ्या झालेल्या हातावरच टिळा लावला.