खोटं पाडलेलं वाक्य

"'नेव्हर' घालून वाक्य करा, पण खरं हवं हं," इंग्रजीच्या क्लासात मॅडम म्हणाल्या.

मालनकाकू उठल्या. "आय हॅव नेव्हर रिडन अ सायकल." वाक्य बिनचूक आलं, टाळ्या पडल्या; काकूंचा चेहरा मात्र उतरला. साठी उलटली, आता हे जन्मभर खरंच राहणार!

क्लास सुटल्यावर बाकावरची शेजारीण शकिला सायकल घेऊन फाटकात उभी होती. "चला काकू, ते वाक्य खोटं पाडू. मी मागून धरते."

दुसऱ्या दिवशी 'ऑलरेडी'ची पाळी होती. कोपराला हळद फासलेल्या काकू सगळ्यांआधी उठल्या. "आय हॅव ऑलरेडी फॉलन!"

"अगंबाई, फार लागलं का?" मॅडमनी विचारलं.

"लागलं तर! पण पडले कुठं? पार पोस्टापाशी," काकूंनी शकिलाकडे बोट दाखवलं. "आणि हिनं हात फाटकातच सोडला होता!"